आधी वही आणि टेप, मग फावडं

गडावरच्या पाण्याच्या टाक्यात गुडघाभर चिखल, वर काठापर्यंत पंचवीस-तीस पोरापोरींची साखळी, घमेली हातोहात वर जातायत, शेवटचा गडी घमेलं दरीच्या बाजूला उलटं करतोय, मध्येच कोणीतरी गारद, म्हणजे शिवरायांच्या बिरुदांची ललकारी, देतं, सगळे एका आवाजात जय म्हणतात आणि परत घमेली सुरू. गडसंवर्धनाच्या मोहिमेला एकदा तरी गेलेल्या माणसाला हे दृश्य डोळे मिटून सांगता येईल. मी गेली नऊ वर्षं अशा मोहिमांना जातेय. शनिवारी रात्रीची शेवटची एसटी, पायथ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात झोप, पहाटे गड चढायचा, संध्याकाळी हाताला फोड घेऊन परत आणि सोमवारी ऑफिस. यातलं सगळं मला प्रिय आहे हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून माझ्याच काही मित्रमैत्रिणींना राग येईल.

पहिल्या वर्षीची गोष्ट आहे. दुपारचे दोन वाजले असतील, टाक्याच्या तळाशी उतरलेली फर्स्ट इयरची एक मुलगी ओरडली, "ताई, हे बघ ना काय सापडलं!" चिखलाने माखलेल्या तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, तिने बाटलीतलं पाणी ओतलं तर खालून पांढरं आणि त्यावर निळी बारीक वेल. चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा. सगळ्यांनी घमेली ठेवली, फोटो काढले, तो तुकडा तीस हातांतून फिरला, ग्रुपवर फोटो गेला, त्यावर शंभर भगवे झेंडे आले. मग परत घमेली सुरू. संध्याकाळपर्यंत टाकं तळापर्यंत मोकळं झालं आणि त्यातला सगळा गाळ आम्ही दरीत टाकून दिला होता.

महिनाभराने पुरातत्त्व शिकलेल्या एका ओळखीच्या दादाला मी मोठ्या कौतुकाने तो फोटो दाखवला. त्याने शांतपणे विचारलं, तळापासून किती उंचीवर होता? त्याच्या आजूबाजूला खापरं कुठली होती, जाड लाल की काळी? वरचा गाळ वेगळ्या रंगाचा होता का? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुकडा आम्ही नंतर रीतसर पुरातत्त्व खात्याकडे दिला, पण सोबत द्यायच्या चिठ्ठीवर गडाचं नाव आणि तारीख सोडून लिहायला काहीच नव्हतं. तीस जणांनी दिवसभर घाम गाळला आणि त्या टाक्याची एकुलती एक बखर पानापानाने फाडून दरीत फेकली, आणि हे आम्ही गडावरच्या प्रेमापोटी केलं, हे मला आजही नीट गिळता येत नाही.

कातळात खोदलेलं टाकं म्हणजे दर पावसाळ्यात भरणारी एक तिजोरी असते. पाण्यासोबत माती येते, खाली बसते, त्यात त्या वर्षी फुटलेलं मडकं, कोणाच्या हातून पडलेलं नाणं, जळालेलं लाकूड, तोफेचा गोळा, काहीही असू शकतं. सगळ्यात जुनं सगळ्यात खाली, नवीन वर, अगदी घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या चळतीसारखं. चळत जशीच्या तशी असली तर कोणतं पान कधीचं ते सांगता येतं, पानं उधळली की संपलं. वस्तूची किंमत ती कुठे आणि कशासोबत सापडली यात असते. 2025 मध्ये रायगडावर पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात यंत्रराज, म्हणजे खगोलाची मापं घ्यायचं जुनं उपकरण, मिळालं, त्याची बातमी आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली. ते उत्खननात मिळालं म्हणून त्याची जागा, खोली, भोवतालचं बांधकाम सगळ्याची नोंद राहते आणि त्यावर अभ्यासकांना बोलता येतं. हेच यंत्र आमच्या घमेल्यातून गेलं असतं तर? पत्र्याचा तुकडा म्हणून दरीत, नाहीतर कोणाच्या तरी शोकेसमध्ये.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तरुणांनी वारसास्थळांसाठी यायलाच हवं, आत्ता येतात त्याच्या दसपट यायला हवं, पण कामाचा क्रम उलटा झालाय तो सरळ करायला हवा. आधी वही, टेप आणि मोबाईलचा कॅमेरा. फावडं त्यानंतर, तेही कोणीतरी जाणकार शेजारी उभा असताना. आणि हे जसं पोरांनी समजून घ्यायचं आहे तसंच, किंबहुना जास्त, सरकारने समजून घ्यायचं आहे, कारण जाणकार शेजारी उभा करणं पोरांच्या हातात नाही.

टाक्याचं एक झालं. बाकीच्या गोष्टीही सांगते कारण त्या रोज घडतायत. तटाच्या सांध्यातून पिंपळ, उंबर उगवतो, तो दिसला की चार जण मिळून ओढून काढतात, मूळ दगडांच्या मागे दोन-तीन हात आत गेलेलं असतं, ते येताना सांधाही सैल करून येतं आणि पुढच्या पावसात तिथलाच चिरा निसटतो. झाड बुंध्याशी कापून मुळावर उपचार करून ते जागच्या जागी मारायचं असतं, मग पोकळी चुन्याने भरायची, हे काम सावकाशीचं आणि माहितीचं आहे. भिंतीवर कोणीतरी ऑइलपेंटने बदाम आणि नावं लिहिलेली असतात, ती बघून आपलं डोकं फिरतं हे खरंच आहे, मग तारेचा ब्रश घेऊन घासायला बसतो आणि नावासोबत दगडाची वरची कातडीही जाते. तिथे झिजलेला शिलालेख असला तर तोही गेला. आणि सिमेंट! ढासळलेला कट्टा लोकवर्गणीतून सिमेंटने बांधून काढला की फोटो छान येतो. जुनं बांधकाम चुन्यातलं, चुना श्वास घेतो, भिंतीत मुरलेलं पाणी त्याच्यातून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच राहते, क्षार साचतात आणि सिमेंट तसंच राहून शेजारचा दगडच पापुद्रे धरून झडायला लागतो. कित्येक गडांवर चुन्याची घाणी अजून आहे, गोल चर आणि त्यात फिरवायचं दगडी चाक, तिच्यासमोर ग्रुप फोटो काढायचा आणि दोनशे पावलांवर सिमेंट कालवायचं, हे आपण करतो.

आता राग येणाऱ्या मित्रांचं म्हणणं. ते म्हणतात, तू पुण्यात बसून थरांच्या गोष्टी सांग, तोवर बुरूज पडला तर कोण जबाबदार? खातं काही करत नाही म्हणून आम्ही करतो. हे म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार मोठं आहे. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर किल्ले आहेत असं आपण अभिमानाने सांगतो, त्यातले काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, काही राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि उरलेले, म्हणजे कितीतरी, कोणाच्याच यादीत नाहीत. जमीन वनखात्याची, वाट ग्रामपंचायतीची, देऊळ गुरवाचं आणि तट देवाचा. राज्याच्या खात्यात एका विभागीय कार्यालयाकडे कित्येक जिल्हे असतात, त्यात किल्ले, लेणी, मंदिरं, वाडे सगळं आलं. मी त्या कार्यालयातल्या लोकांना दोष देणार नाही, त्यातले काही जण स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून गड फिरतात हे मी बघितलंय. पण 11 जुलै 2025 ला पॅरिसमध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, फटाके वाजले, बॅनर लागले. त्या बारातले साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या खात्याकडे आहेत. बॅनरला जेवढी माणसं लागली तेवढी या चार गडांच्या रोजच्या देखभालीला कायमची मिळाली तर पोरांना पहार घ्यावीच लागणार नाही.

कायद्याचं बोलायचं तर तो बराच कडक आहे आणि बहुतेक मोहिमांमध्ये कोणालाच तो माहीत नसतो. केंद्राचा स्मारकांचा कायदा 1958 चा, 2010 ला त्यात दुरुस्ती झाली, संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण, स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जुना 1878 चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायलाच लागतं. म्हणजे चांगल्या मनाने गडावर गेलेला बावीस वर्षांचा पोरगा नकळत गुन्हा करून घरी येऊ शकतो. दुसऱ्या बाजूला राज्यघटनेच्या 51क कलमात आपल्या वारशाचं जतन करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. एक कागद म्हणतो कर, दुसरा म्हणतो हात लावू नको, आणि मधली वाट दाखवायला कोणी नाही. ती मधली वाट तयार करणं हे सरकारचं काम आहे. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, त्यानंतर ओळखपत्र, ठराविक कामांची यादी जी ओळखपत्रवाल्याला वेगळी परवानगी न घेता करता येईल, आणि बाकी कामांच्या अर्जाला ठराविक दिवसांत हो किंवा नाही असं लेखी उत्तर. यात कोट्यवधी रुपये कुठेच लागत नाहीत.

पण वही-टेपने पोरं येतील का, हा खरा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. घमेल्याची साखळी अंगात रक्त सळसळवते, वहीत मापं लिहिणं बोअर आहे. मला हे पटत नाही, आणि त्यासाठी मी कोकणातल्या कातळशिल्पांकडे बोट दाखवते. रत्नागिरी, राजापूर, लांज्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, उघड्या जांभ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, वाघ, गेंडे, मासे, माणसं कोरून ठेवलीयत. गावात त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणायचे आणि गुरं त्यांच्यावरून चालत जायची. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी आपापले कामधंदे सांभाळून वर्षानुवर्षं सडे पालथे घातले. त्यांनी खोदलं काय? काहीच नाही. गुराख्यांना विचारलं, शाळेतल्या पोरांना विचारलं, म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकल्या, सड्यावर साचलेली माती झाडून चित्र मोकळं केलं, मापं घेतली, फोटो काढले, जमीनमालकाच्या ओटीवर बसून चहा घेत त्याला पटवलं की बाबा इथे चिरेखाण काढू नकोस. कशेळीचा हत्ती जवळपास 18 मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, तो जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावतच नाही, मापं घेऊन कागदावर उतरवल्याशिवाय तो हत्ती आहे हे कळतसुद्धा नाही! उक्षीत गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती जांभ्याचं कुंपण घातलं. 2022 मध्ये कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आठ रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि एक गोव्यातलं फणसायमळ. एवढं सगळं वही, टेप आणि चपला झिजवण्यातून झालं.

आणि सापडल्यावर काय होतं तेही मी बघितलंय. आमच्या मोहिमेला जरा वेगळं वळण लागलं ते मावळातल्या एका गावात. देवळामागे चिंचेखाली वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आडवी पडलेली, बायका तिच्यावर धुणं आपटायच्या. आम्ही पाच जण होतो, सोबत साधी पाण्याची बादली आणि मऊ कुंचा. आम्ही तिला उचलून सरळ लावायच्या फंदात पडलो नाही, फक्त धुतली आणि दुपारच्या तिरक्या उन्हाची वाट बघत बसलो. साडेचारला ऊन आडवं झालं आणि दगडातून माणसं वर आली. सगळ्यात खाली ढाल-तलवार घेतलेला गडी आणि त्याच्या मागे गाई, म्हणजे गाई वाचवताना पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. एक आजी धुण्याची बादली घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. मी तिला बोटाने एकेक दाखवलं. ती बराच वेळ गाईंकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आगं पोरी, ह्यो तर आमचाच कुनीतरी असंल." त्या दिवसापासून तिथे धुणं होत नाही. पुढच्या वेळी गेलो तर तिथे शेंदूर लावायचा बेत चालला होता, तर त्याच आजीने लोकांना थांबवलं होतं, तोंडं झाकून जातील म्हणून. आम्ही दिवसभरात एकही दगड हलवला नव्हता.

हे सांगायचं कारण असं की जतन आणि प्रचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. शनिवार-रविवार श्रमदान, सोमवारी रील. त्या आजीला दगड वाचून दाखवला हाच प्रचार होता आणि तेच जतन होतं. रीलबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पायऱ्या, ढग, ड्रोन, मागे ढोलताशा, तीस सेकंदांत जागेचं नाव आणि लोकेशन. 2023 च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकली होती, त्यातल्या कितींना त्या गडाच्या पोटात काय आहे ते माहीत होतं? ज्या कातळशिल्पाला कुंपण नाही, राखण नाही, त्याचं लोकेशन टाकणं म्हणजे बूट घालून त्याच्यावर चालायचं आमंत्रण देणं, काही जण तर फोटोत उठून दिसावं म्हणून खडूने रेषा भरतात. जागेची तयारी झाल्यावर, गावातली चार पोरं माहिती सांगायला उभी राहिल्यावर, मग खुशाल लोकेशन टाका आणि त्या पोरांना पैसे मिळतील अशीच सोय करा.

पैशांवरून अजून एक. स्वयंसेवक फुकट काम करतो म्हणून चुन्याचा गवंडी, दगड घडवणारा पाथरवट आणि गडावर ताक विकून पोट भरणारं गावातलं पोरगं यांच्या पोटावर पाय येऊ नये. चुना भिजवून मुरवणं, त्यात गूळ, बेलफळ कधी आणि किती घालायचं, हे हातातलं ज्ञान आहे, ते जाणणारी माणसं आता थोडी उरलीत आणि त्यांची मुलं टाईल्स बसवायला जातात कारण तिथे रोज मिळतं. अशा माणसाच्या हाताखाली कॉलेजच्या पोरांनी आठवडाभर काम करावं, त्याला उस्ताद म्हणून पूर्ण मजुरी सरकारने द्यावी, यातून भिंत पण नीट होईल आणि हात पण तयार होतील. फ्रान्समध्ये रेंपार ही संघटना 1966 पासून तरुणांची अशी शिबिरं घेतेय, जुन्या पडक्या वास्तूंवर, शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली. आपल्याकडे तर एनएसएस 1969 पासून आहे, दरवर्षी सात दिवसांचं निवासी शिबिर एनएसएस असलेली कॉलेजं करतात आणि त्यातली बरीच शिबिरं रस्त्याकडेचं गवत काढण्यात आणि रॅलीत जातात. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत. प्रत्येक कॉलेजने जवळचा एक गड, एक लेणं, निदान गावातल्या वीरगळी आणि बारवा दत्तक घेऊन दरवर्षी त्याच जागेवरून तेच फोटो, तीच मापं घेतली तर दहा वर्षांत महाराष्ट्राकडे अशी नोंद तयार होईल जी आज कोणत्याच खात्याकडे नाही. इंजिनीअरिंगच्या पोरांनी तटाची लेव्हल घ्यावी, बॉटनीच्या पोरांनी कुठल्या सांध्यात कुठलं झाड ते लिहावं, मराठीच्या पोरांनी गावातल्या जागांची नावं आणि गोष्टी उतरवाव्यात, चित्र येणाऱ्याने चित्र काढावं. कामाला कमी नाही.

आमच्या ग्रुपने गेल्या वर्षी असं ठरवलं की ज्या गडावर आपण टाकं उपसलं होतं तिथलं दुसरं टाकं तसंच ठेवायचं आणि रीतसर परवानगी मागायची, सोबत जाणकार माणूस द्या म्हणून. अर्ज केला, नकाशा जोडला, फोटो जोडले, चाळणी आणि पिशव्या आमच्या आम्ही आणतो असंही लिहिलं. सात महिने झाले, पोच आहे, उत्तर नाही. तीन वेळा जाऊन आले, दर वेळी टेबल वेगळं. ग्रुपमधली चार पोरं यात कंटाळून दुसऱ्या मोहिमेला गेली, तिथे घमेली लगेच मिळतात, मी त्यांना नावं ठेवत नाही.

तोवर आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच गडाच्या दक्षिण बुरुजापाशी जातो. तिथे तटाला पोट आलंय, वरून खाली एक फट गेलीय. एका ठरलेल्या दगडावर उभं राहून फोटो काढायचा, फटीजवळ पट्टी धरून माप घ्यायचं, वहीत तारीख टाकायची, खाली सही. ते माप तीच मुलगी घेते जिच्या हातात तो निळ्या वेलीचा तुकडा आला होता, ती आता स्वतः पुरातत्त्व शिकलीय. जूनमध्ये फट 31 मिलिमीटर होती. परवा 38 भरली, आणि त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडायला उद्या मी चौथ्यांदा जातेय.